बेसबॉल नव्याने बघतोयस? आधी बेसवरच्या धावपटूकडे बघ

क्रिकेटच्या सवयीने नुसता चेंडूचा पाठलाग करू नकोस. १७ ऑक्टोबर २००४ चा बॉस्टन रेड सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज सामना बघ. चार सामने आधी जिंकणाऱ्याच्या मालिकेत यांकीज ३-० ने पुढे. नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगमध्ये त्यांचीच ४-३ अशी आघाडी, आणि पिचर (चेंडू टाकणारा) त्यांचा हुकमी मारियानो रिव्हेरा! बॉस्टनचा केव्हिन मिलार वॉकवर (चार चुकीचे चेंडू पडले की फुकट मिळणारी जागा) पहिल्या बेसला, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्याला गेला, त्याच्याऐवजी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. बेस सोडून पुढे सरकलेल्या त्याला बाद करायला रिव्हेराने तीनदा चेंडू पहिल्या बेसकडे फेकला. तरी पुढच्याच पिचवर (फलंदाजाला टाकलेल्या चेंडूवर) रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून गाठला, अगदी थोडक्यात वाचून. मग बिल म्युलरच्या फटक्यावर रॉबर्ट्स धाव पूर्ण करून आला आणि बरोबरी, म्हणून जादा इनिंग. बाराव्या इनिंगमधला बॉस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझचा सामना जिंकून देणारा होमरन (सिक्ससारखा सीमेपार फटका) सगळ्यांनाच आठवतो. माझ्या मते सामना त्या चोरीवरच फिरला. व्हिडिओ बघताना ते तीन थ्रो घाईघाईत पुढे पळवू नकोस, खरा थरार तिथेच आहे.