गोल्फचे जुने आयर्न घेताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: १९८०च्या दशकातला आयर्नचा (धातूच्या डोक्याच्या गोल्फ क्लबचा) सेट अगदी स्वस्तात मिळतो आहे. पण सोबत खेळणाऱ्याचा नवा ७ नंबर माझ्या जुन्या ७ नंबरच्या पुढे सहज वीस यार्ड जातो. जुन्या हेडमधली (क्लबच्या डोक्यातली) ताकद कमी होते का?

ताकद कमी होत नाही, खेळ आकड्याचा आहे. १९८०च्या दशकातल्या ७ नंबरचा लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, मागे झुकलेला कोन; तो कमी तितका चेंडू लांब) साधारण ३५-३६ अंश असायचा. आज लांब अंतरासाठी विकल्या जाणाऱ्या सेटमध्ये तोच आकडा २८ ते ३० अंशांवर कोरलेला असतो, आणि शाफ्टही (दांडाही) बहुधा थोडा लांब असतो. म्हणजे सोबत्याच्या हातात जुन्या हिशेबाने ५ किंवा ६ नंबर आहे. तुलना करायची तर लॉफ्टची लॉफ्टशी करा.

तरीही नव्या हेडचं श्रेय पूर्ण नाकारता येणार नाही. पातळ फेस आणि खाली नेलेलं वजन यामुळे कमी लॉफ्ट असूनही चेंडू उंच उडतो, आणि टोकाकडे लागलेला फटका फारसा आखूड पडत नाही. जुन्या ब्लेडवर (मागून सपाट, पातळ हेडवर) तोच फटका हाताला झिणझिण्या आणतो. म्हणून जुनाच सेट घ्यायचा ठरला तर कॅव्हिटी बॅक (मागून पोकळ केलेलं हेड) घ्या. ब्लेड दिसायला देखणी असते, पण आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

जुन्या लॉफ्टचा एक फायदा मात्र सहसा कोणी सांगत नाही. नव्या सेटचा पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) ४३-४४ अंशांचा असतो. त्याच्या आणि ५६ अंशांच्या सँड वेजच्या मध्ये मोठी फट पडते आणि ती बुजवायला एक-दोन वेज वेगळे विकत घ्यावे लागतात. जुना पिचिंग वेज ४८ ते ५० अंशांचा असल्याने तो खर्च बहुतेक वाचतो. उलट ३ आणि ४ नंबर पिशवीतून काढून त्यांच्या जागी हायब्रिड (लांब आयर्नऐवजी वापरायचे, मारायला सोपे क्लब) घाला. १४ क्लबच्या मर्यादेत हे आरामात बसतं.

प्रश्न: वापरलेला सेट प्रत्यक्ष पाहताना काय तपासावं?

हेडपेक्षा शाफ्टला जास्त वेळ द्या. सगळे आयर्न नंबरानुसार भिंतीला टेकवून उभे करा. लांबी एका क्लबपासून दुसऱ्यापर्यंत अर्ध्या इंचाच्या पायऱ्यांनी कमी होत गेली पाहिजे. मध्येच पायरी चुकली तर तो क्लब कापलेला, लांबवलेला किंवा दुसऱ्या सेटमधला आहे. होझलवर (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिच्यावर) सीरियल नंबर असेल तर सगळ्यांवर एकच आहे का तेही पाहा. बंद झालेल्या मॉडेलचा सुटा ६ नंबर नंतर शोधणं जिकिरीचं असतं, त्यामुळे अपुरा सेट फारच स्वस्त असेल तरच घ्या.

मग शाफ्ट सपाट टेबलावर ठेवा, ग्रिप आणि हेड कडेबाहेर राहू द्या, आणि हळू फिरवा. वाकलेला शाफ्ट लगेच उड्या मारतो. स्टीलवर वरवरचा गंज चालेल, पण फेरूलजवळ (होझलच्या वरच्या प्लास्टिकच्या कड्याजवळ) नखाला खड्डे लागत असतील तर तो शाफ्ट बदलायचाच असं धरून किंमत ठरवा. ग्रॅफाइट शाफ्टवरून कापूस फिरवा. कापसाचे धागे अडकले तर आतले तंतू कापले गेले आहेत, आणि असा शाफ्ट फटक्यात तुटून हेडसकट उडू शकतो.

शेवटी एका हाताने हेड धरून दुसऱ्याने ग्रिप पिळा. करकर आवाज आला किंवा फेरूल होझलपासून वर सरकलेलं दिसलं, तर एपॉक्सी (हेड शाफ्टला चिकटवणारा गोंद) सुटलेलं आहे. असा क्लब दुरुस्तीआधी फिरवू नका. आत फक्त खुळखुळ होत असेल तर बहुधा वाळलेल्या एपॉक्सीचा तुकडा असतो. तो त्रासदायक खरा, पण धोक्याचा नाही.

प्रश्न: ग्रिप दगडासारख्या कडक झाल्यात. घरी बदलता येतील का?

आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने ब्रश करून पाहा, काही ग्रिपवर फक्त घामाचा थर असतो. रबरच वाळलेलं असेल तर बदला.

हूक ब्लेडने जुनी ग्रिप लांबीत चिरा, पातं नेहमी अंगापासून दूर ओढा. ग्रॅफाइटवर पातं शाफ्टला टेकता कामा नये. जुन्या टेपचा कण न् कण काढा, कारण राहिलेला कण नव्या ग्रिपखाली उंचवटा होऊन बोटाला टोचत राहतो. २ इंच रुंद दुहेरी चिकट टेप ग्रिपच्या लांबीएवढी लावा. वरच्या टोकाला अर्धा इंच टेप जादा ठेवून ती शाफ्टच्या पोकळीत दुमडा, नाहीतर सॉल्व्हंट आत जाईल. ग्रिपच्या टोकाचं भोक टीने (चेंडू ठेवायच्या खुंटीने) बंद करून आत दोनेक चमचे सॉल्व्हंट ओता, हलवा आणि तेच टेपवर सोडा. आता न थांबता एका दमात ग्रिप ढकला. बहुतेकांची इथेच चूक होते: सॉल्व्हंट वाचवायला जातात आणि ग्रिप अर्ध्यात अडकते. मिनरल टर्पेंटाइन वापरलं तर क्लब रात्रभर ठेवा. खिडकी उघडी आणि जवळपास आग नको.

खरेदीआधी शाफ्टच्या वरच्या टोकाची जाडी ०.५८० की ०.६०० इंच हे मोजा आणि त्याच मापाची ग्रिप आणा.

प्रश्न: तांब्याच्या रंगाच्या जुन्या हेडचा तळ घरीच घासून थोडा गोल करावा म्हणतो.

करू नका. १९८०च्या दशकातली अशी काही हेड बेरिलियम-कॉपरची आहेत आणि बेरिलियमची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. हातात धरून खेळण्यात धोका नाही, घासण्यात आहे.

प्रश्न: फेसवरच्या जुन्या खाचा स्पर्धेत चालतात का? धार लावून घेऊ का?

१ जानेवारी २०१० पासून बनलेल्या, २५ अंश किंवा जास्त लॉफ्टच्या क्लबना खाचांचे कडक नियम लागू झाले. त्याआधीच्या क्लबबद्दल प्रत्येक स्पर्धेची नियमपत्रिका वाचावी लागते. पिंग कंपनीच्या आय २ आयर्नचं उदाहरण बोलकं आहे. अमेरिकी गोल्फ संघटनेशी झालेल्या १९९०च्या तडजोडीमुळे त्या वर्षीच्या १ एप्रिलआधी बनलेले क्लब वैध राहिले होते, म्हणून २०१०च्या सुरुवातीला पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) काही खेळाडूंनी तेच वेज बाहेर काढले. वाद पेटला आणि मार्चमध्ये कंपनीने सवलतीवर पाणी सोडलं.

धार लावण्याच्या हत्याराचं आम्हाला कौतुक नाही. नेहमीच्या वापराने झिजलेला वैध क्लब नियमात बसतोच. पण कोरून खाच ०.०३५ इंचांपेक्षा रुंद किंवा ०.०२० इंचांपेक्षा खोल झाली की तो बाद. खाचा मुख्यतः वेज आणि ९ नंबरवर झिजतात. तेवढाच एखादा वेज नवा घ्या.

प्रश्न: चेंडू सरळ निशाण्याच्या डावीकडे जातो. मी उजव्या हाताचा. लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) कशी तपासू?

चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती फेसकडे ठेवून मारा आणि फेसवर उमटलेली खूण पाहा. खूण उभी असेल तर लाय बरोबर. खुणेचं वरचं टोक हेडच्या बाहेरच्या टोकाकडे (टो) झुकलेलं असेल तर क्लब जास्त उभा आहे आणि डावीकडे जाण्याचं तेच कारण असू शकतं. हीलकडे (शाफ्टच्या बाजूला) झुकलं तर क्लब जास्त आडवा. पाच-सहा फटक्यांचा कल बघा, एकावर ठरवू नका. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) हेड यंत्रावर दोनेक अंश निर्धास्त वाकतं. कडक स्टेनलेस स्टीलचं कास्ट (ओतीव) हेड होझलपाशी तुटू शकतं, तेव्हा कारागिराला धातू कोणता ते आधी विचारा.