‘इस्टेट’, ‘जहागीर’ की ‘जमीनदारी’?

आयर्लंडमधील जुन्या घराण्यांच्या ‘कंट्री इस्टेट’विषयी मराठीत लिहिताना ‘जहागीर’ हा शब्द चालेल का, की ‘इस्टेट’ तसाच ठेवावा, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘जहागीर’ टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जहागिरीत राज्यकर्ता एखाद्या मुलखाचा महसूल बहुधा चाकरीच्या मोबदल्यात नेमून देतो. जमिनीची मालकी त्यात ओघाने येत नाही. आयर्लंडमध्ये सतराव्या शतकात, विशेषतः इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या काळात, कॅथलिकांकडून जप्त झालेल्या जमिनी ज्या प्रॉटेस्टंट घराण्यांकडे गेल्या, त्यांची त्यांवरील मालकी मात्र खासगी होती आणि ती विकता किंवा गहाण ठेवता येत असे. इतकी की, महादुष्काळाच्या काळात कर्जात बुडालेल्या मालकांच्या जमिनी विकता याव्यात म्हणून १८४९ मध्ये खास कायदा करावा लागला. ‘इस्टेट’ही उपयोगाचा नाही, कारण ‘बापाची इस्टेट’ म्हणताना आपल्याला कोणतीही मालमत्ता अभिप्रेत असते, मग तो शहरातला फ्लॅट का असेना.

उरतो ‘जमीनदारी’, आणि तोच मला योग्य वाटतो. पेशवाईच्या कागदांत ‘जमीनदार’ म्हणजे देशमुख-देशपांड्यांसारखे वतनदार, हे खरे. परंतु कुळांकडून खंड घेणारा मोठा जमीनमालक हा आजचा अर्थ इथे नेमका बसतो. (बंगालमध्ये १७९३ साली कायमधारा पद्धत, म्हणजे जमीनदारांचा सारा कायमचा ठरवून देणारी पद्धत, आणणारा कॉर्नवॉलिस पुढे १७९८ मध्ये आयर्लंडचा व्हाइसरॉय झाला, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.) तेथील भाडेकरू शेतकऱ्याला निःशंकपणे ‘कूळ’ म्हणावे. मात्र त्याच कारणाने मालकांना ‘उमराव कुळे’ म्हणू नये. ‘घराणी’ म्हणावे, नाहीतर मालक कोण आणि कसणारा कोण, हेच वाचकाला कळणार नाही.

खरी अडचण पुढे आहे. जमीनदारीत तीन गोष्टी होत्या: ‘बिग हाउस’ म्हणजे वाडा, त्याभोवतीचे ‘डिमेन’, म्हणजे मालकाने स्वतःकडे राखलेली जमीन, जिला आपली ‘शेरी’ जवळची आहे, आणि कुळांकडे असलेले विस्तीर्ण क्षेत्र. १९०३ च्या विंडम कायद्याने सरकारने कुळांना जमीन विकत घेण्यासाठी कर्ज दिले, ते साडेअडुसष्ट वर्षांत, दरसाल सव्वातीन टक्क्यांच्या हप्त्याने फेडायचे होते, आणि विकणाऱ्या मालकांना बारा टक्के बक्षीसही देऊ केले. त्यानंतर अनेक घराण्यांकडे केवळ वाडा आणि शेरी उरली, तरी लोक त्यालाच ‘इस्टेट’ म्हणत राहिले. शब्द तोच राहिला आणि त्याखालची जमीन निघून गेली. १८७० च्या आणि १९२० च्या ‘इस्टेट’साठी एकच मराठी शब्द वापरणे म्हणूनच मला चुकीचे वाटते.

उदाहरणार्थ, आयर्लंडमधील किलार्नी गावाजवळची मक्रॉस ही इस्टेट पाहा. हर्बर्ट घराण्याच्या हातून ते कर्जापायी गेले. १८९९ मध्ये गिनेस घराण्यातील लॉर्ड आर्डिलॉन यांनी ते घेतले. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील विल्यम बोर्न यांनी ते मुलीला लग्नाची भेट म्हणून दिले. आणि तिच्या निधनानंतर, १९३२ मध्ये, कुटुंबाने ते राष्ट्राला अर्पण केले. हर्बर्टांच्या काळासाठी ‘मक्रॉसची जमीनदारी’ लिहावे. १९११ साठी ‘मक्रॉसचा वाडा व शेरी’ लिहावे. आणि आजच्यासाठी सरळ ‘राष्ट्रीय उद्यान’.