तोंडी "उद्यापासून येऊ नका" सांगितलं. आता कंपनी म्हणते आम्ही काढलंच नाही. काय करावं?

आमच्या बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), माझंही असंच झालं होतं. सुपरवायझर म्हणाला, "कालथी ना आवता." (गुजरातीतलं 'काल' म्हणजे इथे उद्या.) कागद-बिगद काही नाही. मी रागाने आठ दिवस दांडिया बाजारातल्या घरी बसून राहिलो, आणि तीच चूक झाली. युनियनमधल्या एका काकांनी झापलं, "अरे, घरी बसलास म्हणजे तूच सोडलीस, असंच म्हणणार ना ते!"

दुसऱ्या दिवशी पावणेसातला डबा घेऊन गेटवर. वॉचमनने हजेरीच्या रजिस्टरवर आडवा हात ठेवला, "शेठे ना पाडी छे." त्याच दुपारी कंपनीला रजिस्टर ए.डी. (पोचपावतीचं टपाल) टाकलं: आज कामावर आलो, गेटवर अडवलं, मी कामाला तयार आहे. तुम्हीही असं पत्र आजच स्पीड पोस्टाने टाका.

कारण सगळा वाद हेतूवर येतो. नोकरी सोडायचा इरादा पुराव्याशिवाय कामगाराच्या माथी मारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकातच म्हटलंय. आणि 1993 च्या डी. के. यादव निकालानुसार, गैरहजेरीमुळे नोकरी आपोआप गेली असं स्टँडिंग ऑर्डरमध्ये (कंपनीच्या लेखी नियमांत) लिहिलेलं असलं, तरी आधी म्हणणं ऐकावं लागतं. म्हणून त्यांना विचारा, मी येत नव्हतो तर बोलावणारं एक तरी पत्र धाडलंत का?

तक्रार केलीत की लेबर ऑफिसात मात्र सांभाळा. तिथे कंपनीचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "आजही यावं, आमची कुठे ना आहे?" तिथे "नको, माझा हिशोब द्या" म्हणालात की संपलं. मी ते लेखी घेतलं आणि सकाळी परत गेटवर. परत तोच आडवा हात. पुढे कोर्टात माझ्या उपयोगी पडली ती हीच दुसरी खेप.

वर्षात 240 दिवस काम केल्याचं कोर्टात तुम्हालाच दाखवावं लागतं, तेव्हा पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक जपा. काढल्यापासून दाद मागायची मुदत पूर्वी तीन वर्षं होती, 21 नोव्हेंबर 2025 पासूनच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत दोनच. फुल अँड फायनलवर (शेवटच्या हिशोबाच्या कागदावर) सही नको.

आणि यूएएनवर (पीएफच्या ऑनलाइन खात्यावर) नोकरी सोडल्याची तारीख बघून ठेवा. माझ्या नोंदीत त्यांनी नेमका तोच दिवस भरला होता, ज्या दिवशी म्हणे मला कोणी काढलंच नव्हतं.