थंड प्रदेशात हिवाळ्यात एकाच आठवड्यात कधी पाऊस, कधी हिम, कधी बर्फाचे खडे पडतात. हे ढग वेगवेगळे असतात का?

नाही, ढग बहुतेकदा सारखेच असतात. फरक पडतो तो ढग आणि जमीन यांच्यामधल्या हवेच्या तापमानामुळे. हवामानशास्त्राच्या कुठल्याही पायाभूत पुस्तकात हे सापडेल. दमट हवा वर चढते, वर दाब कमी असल्याने प्रसरण पावते आणि थंड होते. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) गाठला की वाफ धूळ, मीठ, धूर यांच्या सूक्ष्म कणांवर जमते, हाच ढग. खरी गंमत पुढे आहे: तापमान शून्याखाली गेलं तरी हे थेंब लगेच गोठत नाहीत, उणे १० अंशालाही ढगात भरपूर द्रव पाणी असतं. त्यात एखादा हिमकण तयार झाला की आसपासचे थेंब विरत जातात आणि त्यांची वाफ घेऊन तो वाढतो, जड होऊन पडू लागतो. म्हणजे हिवाळ्यातला बराचसा पाऊस वर हिमच असतो. मग वाटेत:

- सगळीकडे थंड हवा: हिम
- मध्ये उबदार थर, खाली थंड हवेचा जाड थर: वितळून पुन्हा गोठलेले बर्फाचे खडे
- खालचा थंड थर पातळ: थेंब द्रवच राहतो आणि रस्त्यावर, तारांवर टेकताच गोठतो (सगळ्यात धोकादायक हाच)
- खाली उबदार हवेचा जाड थर: साधा पाऊस

मात्र जमिनीलगत २-३ अंश तापमान आहे म्हणून हिम पडणारच नाही असं धरू नका. हवा कोरडी असेल तर बाष्पीभवनामुळे हिमकण थंड राहतो आणि न वितळता खाली पोचतो.