ऑनलाइन समूहांत नवख्याने प्रश्न विचारला की लोक अंगावर का येतात? पुन्हा विचारावं का?

तुम्ही लिहिलंय की प्रोग्रॅमिंगच्या एका साइटवर पहिल्यांदाच काही विचारलंत, थोड्याच वेळात उणे, म्हणजे नापसंतीची, मतं पडली, एकाने ‘आधी शोधा, मग विचारा’ एवढंच लिहिलं आणि प्रश्न बंद झाला. नवख्यांशी सगळीकडे असंच वागतात का, आणि पुन्हा विचारण्यात काही अर्थ आहे का, हा तुमचा प्रश्न. अर्थ नक्की आहे, आणि सगळीकडे असं वागतही नाहीत. पण जिथे वागतात तिथे का वागतात हे कळलं, तर त्यातलं किती मनाला लावून घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मी बरीच वर्षं अशा ठिकाणी उत्तरं देत आलोय. तिथे विचारणारा पहिल्यांदा विचारत असतो आणि वाचणारा तेच शंभराव्यांदा वाचत असतो. आधीच्या नव्व्याण्णव जणांवरचा वैताग शंभराव्यावर निघतो. हे आजचं नाही. यूजनेट हे चर्चागटांचं जाळं 1980 मध्ये सुरू झालं. दर सप्टेंबरला विद्यापीठांत दाखल झालेले विद्यार्थी तिथे येत, त्यांना रीतभात ठाऊक नसे, आणि काही आठवड्यांत जुनी मंडळी त्यांना वळण लावत. 1993-94 च्या सुमाराला अमेरिका ऑनलाइनसारख्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना तिथे प्रवेश दिला आणि नव्यांचा ओघ वर्षभर थांबेनाच. ‘न संपणारा सप्टेंबर’ असं जुने लोक वैतागून म्हणू लागले. नवी माणसं आधीही तितकीच अडाणी होती. शिकवणारे हात अपुरे पडले, एवढाच काय तो फरक.

‘आधी शोधा’ या सल्ल्याची मात्र मला मनापासून चीड आहे. समजा, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारी एक मुलगी छोटा प्रोग्रॅम लिहिते. इनपुट फंक्शन वापरून वय विचारते, ते 18 पेक्षा जास्त आहे का ते तपासते, आणि त्याच ओळीवर एरर येते. कारण साधं आहे. इनपुटमधून येतं ते कायम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर असतो, आकडे टाइप केले तरी. पायथन 3 मजकूर आणि संख्या यांत मोठं कोण ते ठरवत नाही. इंट फंक्शनने त्याची संख्या करून घेतली की काम झालं. हे उत्तर नेटवर असंख्य ठिकाणी आहे. पण त्यापर्यंत पोचायला आपली अडचण ‘डेटा टाइप’ची, म्हणजे माहिती मजकूर आहे की संख्या याची आहे हे कळावं लागतं, आणि नेमकं तेच तिला कळलेलं नाही. ती शोधणार ‘वय तपासणारा प्रोग्रॅम चालत नाही’. अडचणीचं नाव माहीत असतं, तर निम्मं उत्तर तिच्या हातात असतं आणि तिने विचारलंच नसतं.

आता तिला दोन प्रकारे उत्तर देता येतं. एक, ‘हे हजार वेळा विचारून झालंय.’ दुसरं, ‘इनपुट नेहमी स्ट्रिंग देतं, आधी इंट करून घे, सविस्तर इथे आहे,’ आणि खाली जुन्या उत्तराची लिंक. दुसरं लिहायला फार तर अर्धा मिनिट जास्त लागतो. त्यानंतर प्रश्न डुप्लिकेट म्हणून बंद केला तरी माझी काही हरकत नाही. उलट स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर असे बंद झालेले प्रश्न बहुतेक वेळा तसेच ठेवतात, म्हणजे उद्या दुसरं कोणी त्याच कच्च्या शब्दांत शोधत आलं तरी ते मूळ उत्तरापाशी पोचतं.

आणि दरवेळी कोणी उर्मट असतंच असंही नाही, पुष्कळदा नियमच माणसाला बाहेर ढकलतात. स्टॅक ओव्हरफ्लोवर नवा माणूस प्रश्न विचारू शकतो, उत्तरही देऊ शकतो, पण दुसऱ्याच्या प्रश्नाखाली किंवा उत्तराखाली टिप्पणी करायला 50 गुण लागतात, आणि ते मुख्यतः आपल्या प्रश्नोत्तरांना इतरांनी दिलेल्या पसंतीच्या मतांतून साचतात. एखाद्या उत्तरातली तिसरी पायरी कळली नाही, तर त्याने विचारायचं कुठे? तो बिचारा आपली शंका उत्तराच्या चौकटीत लिहितो, आणि ‘हे उत्तर नाही’ म्हणून ती काढून टाकली जाते. स्पॅम रोखायला केलेला नियम आहे, कारण मला पटतं. पण त्या माणसाच्या बाजूने पाहिलं, तर त्याने नम्रपणे काही विचारलं आणि ते पुसलं गेलं.

आपल्याकडे नवख्यांचं स्वागत नीट होत नाही, हे स्टॅक ओव्हरफ्लोने 2018 मध्ये स्वतः जाहीरपणे कबूल केलं. त्याच वर्षी नव्या सदस्यांच्या नावाशेजारी ‘नवा’ अशी खूण दिसू लागली. त्यापेक्षा मला 2024 मधला बदल जास्त मोलाचा वाटतो: नव्यांचे काही प्रश्न आधी एका वेगळ्या जागी जातात, तिथे अनुभवी लोक काय सुधारायचं ते सुचवतात, आणि मगच ते सगळ्यांसमोर येतात. विकिपीडियाचाही अनुभव असाच आहे. नवख्यांना चावू नका, असं तिथे फार पूर्वीपासून लिहून ठेवलंय. तरी इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय संपादकांची संख्या 2007 नंतर घटत गेली, आणि चांगल्या हेतूने आलेल्या नव्यांचं लिखाण झटपट उडवलं जाणं हे त्याचं एक मोठं कारण असल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. 2012 मध्ये तिथे ‘टीहाउस’ सुरू झालं, नव्यांनी वाटेल ते विचारायचं आणि मुद्दाम त्यासाठी थांबलेल्या लोकांनी उत्तर द्यायचं. नुसत्या उपदेशाने भागत नाही, जागा आणि माणसं नेमून द्यावी लागतात. न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरमध्ये, जिथे लोक एकत्र बसून प्रोग्रॅमिंग शिकतात, एक नियम असा आहे की ‘काय, तुला हेही माहीत नाही?’ असं आश्चर्य दाखवायचं नाही. हा नियम प्रत्येक समूहाने घ्यावा असं मला वाटतं.

काही प्रश्नांना मात्र थांबवावंच लागतं. गृहपाठ जसाच्या तसा चिकटवून ‘अर्जंट, लवकर सांगा’ म्हणणाऱ्याला मीही उत्तर देत नाही.

आता तुमच्यापुरतं. कुठेही विचारण्याआधी तिथले नव्या सदस्यांचे अलीकडचे चार-सहा प्रश्न उघडा आणि त्यांना पहिलं उत्तर कसं मिळालंय ते बघा. तेवढ्यात त्या जागेचा स्वभाव कळतो. न पटल्यास दुसरी जागा शोधा, त्यात कमीपणा काही नाही. विचारताना एररचा पूर्ण मजकूर द्या, स्क्रीनचा फोटो नको, कारण फोटोतली अक्षरं कोणाला कॉपी करून चालवून बघता येत नाहीत. प्रोग्रॅम मोठा असेल तर अडचण दिसेल एवढाच तुकडा ठेवा. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, दोन्ही लिहा. जुनं उत्तर वाचलं असेल तर त्याची लिंक देऊन ते तुमच्या बाबतीत का लागू पडलं नाही ते सांगा. ‘आधी शोधा’ला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. कोणी उलट प्रश्न विचारला, तर ती उलटतपासणी समजू नका. त्या माणसाला उत्तर द्यायची इच्छा आहे, म्हणूनच तो विचारतोय.

तुमचा बंद झालेला प्रश्न चिडून डिलीट करू नका आणि तोच पुन्हा नवा म्हणून टाकूही नका. स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या ठिकाणी उणे मतांचे डिलीट केलेले प्रश्नसुद्धा हिशेबात धरले जातात आणि असे बरेच साचले की नवे प्रश्न विचारण्यावर आपोआप बंदी येते. त्याच प्रश्नात वर सांगितलेली भर घाला. अशा दुरुस्तीनंतर तो पुन्हा उघडावा का, हे ठरवायला काही सदस्यांसमोर जाऊ शकतो. तुमच्या साइटवर तशी सोय आहे का, ते मदतीच्या पानावर आधी बघून घ्या.