हनुक्कासाठी मफलर विणताना

अगं, ज्यू मैत्रिणीला हनुक्काच्या सणाला द्यायला मफलर विणतेयस हे तुझ्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. सुया हातात घेण्याआधी लोकरीच्या गुंड्यावरचं लेबल नीट वाच. लोकर आणि लिनन एकत्र असलेलं कापड आमच्या ज्यू धर्मात वर्ज्य आहे, त्याला शातनेझ म्हणतात. लोकरीत कापसाचं सूत मिसळलेलं असेल तर चालतं.

टाके सैल घाल. नवशिके पहिली ओळ ओढून घट्ट घेतात, मग ती बाजू आक्रसते. आणि सगळ्या ओळी सुलट्याच विण, म्हणजे कडा गुंडाळणार नाहीत.

आता मफलरसोबतची चिठ्ठी. ‘मेरी ख्रिसमस’ नको, ‘ज्यूंचा ख्रिसमस’ तर मुळीच नको. हनुक्का हा आठ रात्रींचा दिव्यांचा सण. २०२४ साली पहिला दिवा २५ डिसेंबरच्याच संध्याकाळी लागला, पण दरवर्षी तसं होत नाही, आमचं पंचांग चंद्रावर चालतं. ‘हाग समेआख’ लिही, म्हणजे सणाचा आनंद असो.

खरं तर आमचा मोठा सण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष. कोकणातले आम्ही मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, त्याला नव्याचा सण म्हणतो. तेव्हा कुणी आठवणीने ‘शाना तोवा’, म्हणजे वर्ष चांगलं जावो, म्हटलं की मला भरून येतं.