डिकीतला डबा

पत्र

आदरणीय ताई,

१९९६ ते १९९९ अशी तीन वर्षे मी आणि माझी मैत्रीण साताऱ्यात एका खोलीत राहून शिकलो. मी पाटण तालुक्यातली, ती दहिवडीकडची. माझे मेसचे पैसे अनेकदा थकत, तेव्हा तिच्या गावाहून एसटीने येणाऱ्या डब्यावर आम्ही दोघी दिवस काढत असू. लग्नानंतर ती यजमानांच्या गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) दुकानामुळे तामिळनाडूत गेली, मी पुण्याला आले आणि संपर्क तुटला. आता ते कुटुंब आटपाडीजवळ परतले असून डाळिंबाची बाग करते. सप्टेंबरच्या अखेरीस मीच पुढाकार घेऊन दोन्ही कुटुंबांसाठी कासच्या रस्त्यावरील एका रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवारचे बुकिंग केले. सगळा खर्च आमचा, असे मी आधीच सांगितले होते. शनिवारी दुपारी भेट झाली तेव्हा दोघींचे डोळे भरून आले, पण जेवणानंतर ती गप्पगप्प झाली. (तिने घरून डबा आणला होता, पण रिसॉर्टमध्ये बाहेरचे खाणे चालत नाही आणि जेवण पॅकेजमध्येच होते, त्यामुळे तो डिकीतच राहिला.) संध्याकाळी ठोसेघरच्या धबधब्यावर ती फोटोतही आली नाही. रविवारी आमचे कासच्या पठाराचे आरक्षण होते, तरी बागेत फवारणी आहे, सासूबाई घरी एकट्या आहेत, असे सांगून ती मंडळी सकाळी सातलाच निघाली. त्यांच्या खोलीत टेबलावर पाकिटात चार हजार रुपये ठेवलेले सापडले. हा अपमान मला फार लागला. आता माझ्या मेसेजला ती फक्त हात जोडल्याचे चिन्ह पाठवते. माझे काय चुकले? ही मैत्री सोडून द्यावी का?

– पाटणची लेक, पुणे

उत्तर

तुमचे मूळ पत्र चार पानांचे होते. जागेअभावी ते आखडून वर छापले आहे, पण त्यातला कंस तुमचाच आहे आणि तुम्ही घातला होता त्याच जागी ठेवला आहे. चार पानांत खोलीच्या गॅलरीतून दिसणाऱ्या दरीचे वर्णन आहे, मुले पोहण्याच्या तलावात किती वेळ रमली ते आहे, दुपारच्या जेवणात पनीरचे दोन आणि गोडाचे तीन प्रकार होते याचीही नोंद आहे. तुमच्या मैत्रिणीने आटपाडीहून आणलेल्या डब्यात काय होते, ते मात्र कुठेही नाही. मी पत्र दोनदा वाचून शोधले. तुम्ही ते लिहिले नाही, कारण तुम्हाला ते माहीत नाही, आणि माहीत नाही, कारण तुम्ही विचारले नाही.

काय चुकले, असे तुम्ही विचारता. हे चुकले.

तुम्ही विचारले नाही म्हणून मीच थोडा हिशोब मांडते. भाकरीच असणार असे धरून चालते, कारण त्या खोलीत तुम्ही दोघी तेच खात होता. माणसे आठ. माणशी दोन म्हटल्या तरी सोळा, आणि पाहुण्यांसाठी मोजून भाकरी करणारी बाई मी अजून तरी आपल्या भागात पाहिलेली नाही, तेव्हा वीस धरा. भाकरीचे पीठ सगळे एकदम मळून ठेवता येत नाही. एकेक दोन-दोन भाकरींपुरते मळायचे, परातीत थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग विस्तवावर फुगू द्यायची. हात कितीही सराईत असला तरी वीस भाकरींना तास-सव्वा तास जातोच, आणि कोरड्यास, चटणी वेगळी. दुपारच्या जेवणाला कासच्या रस्त्याला पोचायचे म्हणजे आटपाडी सकाळी आठच्या आत सोडायला हवी. म्हणजे तुमची मैत्रीण पहाटे चारला उठली. मग तो डबा दिघंची, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करीत साताऱ्यात आला, म्हणजे दहिवडीपासून पुढे ज्या रस्त्याने तो तीन वर्षे तुमच्यासाठी येत होता त्याच रस्त्याने, आणि दिवसभर डिकीत उन्हात तापून, रात्री तिथेच राहून, रविवारी आला तसा परत गेला. घरी तो उघडताना सासूबाईंनी ‘का गं, खाल्लं नाही कुणी?’ असे विचारले असणार. त्यावर त्या माउलीला काय सांगायचे, याचा विचार तुमची मैत्रीण ठोसेघरच्या कठड्याशी उभी राहून करीत असेल, तर ती फोटोत कशाला येईल?

तो जुना डबा आठवतो का तुम्हाला? ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर डब्यांची रांग लागलेली असे, प्रत्येक डबा फडक्यात बांधलेला, झाकणावर तेलरंगाने नाव घातलेले, आणि पोरेपोरी साताऱ्याच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत उभ्या. ही सोय साताऱ्यात शिकलेल्या आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पाहिली आहे. तुम्ही मात्र त्यातला अर्धा डबा तीन वर्षे खाल्ला आहे. एकीसाठी भरलेला डबा तीन वर्षे दोघींना पुरत नसतो. तुमचे मेसचे पैसे थकतात हे तिच्या आईला लेकीकडून कळले असणार आणि दुसऱ्या दिवसापासून त्यात चार भाकरी जास्त पडू लागल्या असणार. तुम्हाला हे कुणी सांगितले नाही, कारण अशा गोष्टी त्या घरात बोलून दाखवत नसावेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा वेगवेगळ्या जातींच्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे त्या गावात शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते; जयंतीच्या भाषणात ते आपण दरवर्षी ऐकतो. तुमच्या वाट्याची लक्ष्मीबाई दहिवडीकडच्या एका चुलीपुढे बसलेली होती, एवढाच फरक.

आणि या सगळ्यानंतर, बावीस-तेवीस वर्षांनी भेटताना, तुम्ही तिला तिच्याच वाटणीचे काही करू दिले नाहीत. खर्च आमचा, बुकिंग आमचे, जेवण पॅकेजमधले, फिरण्याच्या वेळाही आमच्याच. तुम्हाला परतफेड करायची होती, हे मला समजते. मेसचे पैसे थकलेली मुलगी आता आठ माणसांना रिसॉर्टमध्ये ठेवू शकते, हे त्या एकाच व्यक्तीला दाखवायचे होते, कारण ते दिवस पाहिलेली तीच एक उरली आहे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण रिसॉर्टच्या नियमाचे निमित्त माझ्यापुढे करू नका. नियम जेवणाच्या दालनाचा होता, कासच्या सगळ्या रस्त्याचा नव्हता. गाडी बाजूला घेऊन, सतरंजी टाकून, पॅकेजमधले ते पाच प्रकार एका वेळेपुरते वाया घालवून तुम्ही जेवू शकला असता. आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही, आत चिमूटभर साखर तरी घालतात. तुम्ही भरलेला डबा परत पाठवलात.

पाकिटाचे कोडे आता तुमचे तुम्हालाच सुटायला हवे. ती आपला वाटा घेऊन आली होती. तो तुम्ही घेतला नाहीत, म्हणून तिने तो रोख ठेवला. चार हजार हा आकडा डाळिंबाच्या बागायतदाराला किरकोळ वाटतो, असे पुण्यात बसून समजू नका. फवारणीच्या हंगामात घरातून एवढी रोकड काढणे सोपे नसते. तुम्ही त्याला अपमान म्हणता. मला वाटते, अपमान शनिवारी दुपारीच होऊन गेला होता आणि रविवारी सकाळी तिने फक्त बिल चुकते केले. तिने तोंडाने सांगायला हवे होते, हे तुमच्या यजमानांचे म्हणणे तुम्ही पत्रात दिले आहे, त्यावर मी वेळ घालवणार नाही.

मैत्री सोडण्याचा विषय काढू नका. कासची टोपली कारवी सात-सात वर्षे थांबून फुलते, ती पाहायला लोक आरक्षण करून येतात. ही बाई त्याच्या तिप्पट वर्षे थांबून, पहाटे उठून, भाकरी थापून आली होती.

आता काय करायचे ते ऐका. येत्या आठ दिवसांत तिला फोन करा. मेसेज नको, फोन. ‘रविवारी तुझ्याकडे जेवायला येते आहे’ एवढेच सांगा, आणि क्षमा वगैरे मागत बसू नका, कारण मग तुमची समजूत काढण्याचे कामही तिच्याच गळ्यात पडेल. यजमान आणि मुले घरी राहू द्या. दिवाळीनंतर बघू, असे मनात आले असेल तर तेही काढून टाका. दिवाळीच्या निमित्ताने गेलात तर फराळाचे डबे घेऊन जाल आणि पुन्हा देणाऱ्याच्या जागी जाऊन बसाल. तिच्या मुलांना भेटवस्तू, सासूबाईंना साडी, केक, मिठाई यांतले काहीही नेऊ नका. पाकीटही परत नेऊ नका. तिचा वाटा एकदा नाकारलात तेवढा पुरे झाला. न्यायचाच तर आपल्या घरातला एक रिकामा डबा न्या आणि निघताना तो तिच्यापुढे ठेवा. चुलीशी किंवा ओट्याशी, जिथे ती असेल तिथे बसा, ताटात पडेल ते खा, आणि त्या शनिवारी डब्यात काय होते ते विचारा. ती आधी काही नव्हते असे म्हणेल. पुन्हा विचारा.

पुण्याहून फलटण, दहिवडी, म्हसवड, दिघंची असा रस्ता आहे. सकाळी लवकर निघा आणि पोहे वगैरे खाऊन निघू नका. वाटेत गोंदवलेकर महाराजांचे गोंदवले लागेल. तिथे आलेल्या माणसाला प्रसादाला बसवतात, तेव्हा दर्शन परतताना घ्या.